तारल्यांच्या तेलातली मॉरिस

कुस्तोदियो आल्मेदाच्या तोंडात एकच शब्द उरला होता. झटका आला तेव्हा उजवं अंग गेलं, मालवणी गेली, कोकणी गेली, बोटीवर शिकलेलं मोडकंतोडकं इंग्रजी गेलं, लहानपणापासूनच्या प्रार्थना गेल्या. सगळं वाहून गेल्यावर तळाला खडकासारखं जे राहिलं ते होतं 'रांडे'. तहान लागली की रांडे. लघवी लागली की रांडे. पाद्री घरी येऊन कपाळावर क्रूस काढायचा तेव्हा डोळे मिटून, ओठ थरथरवत, अगदी भक्तिभावानं, रांडे. पाद्री आमेन म्हणायचा आणि चहा न घेता निघायचा.

लोक म्हणत, बिचाऱ्याचा मेंदूच गेला, कुठला शब्द राहावा हे काय त्याच्या हातात आहे? नसेल. पण हंडा रिकामा झाला की तळाला तेच चिकटलेलं राहतं जे त्यात रोज शिजलेलं असतं. आणि ते कुणाला वाढलं जायचं, हे वाडीतल्या कुत्र्यामांजरांनाही ठाऊक होतं.

श्रीपाद केळुसकरालाही ठाऊक होतं. श्रीपादचं कट्टा गावच्या बाजारात हार्डवेअरचं दुकान. खिळे, पत्रे, नळ विकून त्याचं घर चाललं, पण खिळेवाला म्हणून त्याला कुणी हाक मारली नाही. तो 'मॉरिसवालो'. त्याच्याकडे हिरवी मॉरिस मायनर होती, बापजाद्यांच्या काळातली, बेडकासारख्या डोळ्यांची. तशीच दुसरी, काळी, कुस्तोदियोकडे होती. गोवा मोकळा झाल्यावर कुस्तोदियोच्या बापानं ती म्हापशाच्या एका डॉक्टराकडून आणली होती. पुढे कुस्तोदियो बोटीवर लागला, इंजिनाच्या खोलीत तेल घालायचं काम, आणि नऊ महिन्यांनी सुट्टीवर आला की पहिला मांगरात, गाडी ठेवायच्या खोपीत, जायचा. गाडीच्या टपावरून हात फिरवायचा. मग घरात जायचा. घरात तो हात कसा फिरायचा ते सांगायला नको.

दोघे मिळून प्रदर्शनांना जायचे. फोटो काढून घ्यायचे. झटका आल्यापासून सात वर्षांत श्रीपाद त्या घराकडे एकदाही फिरकला नव्हता. मित्र आजारी पडला, गाडी बंद पडली, मग जायचं कशाला?

आणि मग एके दिवशी कुस्तोदियोच्या बायकोचा, लुईझाचा, फोन आला.

"श्रीपादबाब, ह्येंची गाडी चालू करूची आसा. तुज्याशिवाय कोण माका दिसना नाय."

"आता कित्याक गो वयनी?"

"तेका एकदा आयकांदे. मरूच्या आधी. मगे तू घेवन जा ती."

"घेवन जा म्हणजे?"

"म्हणजे घेवन जा. घोव माका सांभाळूचो आसा, गाडी नको."

श्रीपादनं फोन ठेवला आणि देव्हाऱ्यासमोर जाऊन उभा राहिला. त्याच्या स्वतःच्या मॉरिसच्या इंजिनाच्या ब्लॉकला मे महिन्यात तडा गेला होता. आतलं पाणी तेलात उतरत होतं. एमसील थापून, देवाचं नाव घेऊन तो गाडी बाजारापर्यंत न्यायचा आणि परत आणायचा. जानेवारीत पणजीला जुन्या गाड्यांचा मेळावा. तिथवर ते इंजिन जाणार नव्हतं. गाडी नाही म्हणजे श्रीपाद नाही. उरला तो खिळेवाला. आणि आता देवानं दुसरं इंजिन पाठवलं होतं, तेही मित्रसेवेच्या पुण्यासकट.

त्या रात्री त्यानं जुन्या गाडीवाल्यांच्या ग्रुपवर लिहिलं : एका अंथरुणाला खिळलेल्या मित्राची शेवटची इच्छा पूर्ण करायला निघालोय. शंभर अंगठे आले, हात जोडलेले आले, कुणीतरी लिहिलं, देवमाणूस.

आंबोलीची गोष्ट त्यानं लिहिली नाही. ती इथं सांगून टाकलेली बरी.

दोन्ही गाड्या कोल्हापूरच्या प्रदर्शनाला चालल्या होत्या. घाटात कुस्तोदियोच्या गाडीचं पाणी उकळलं. वर आंबोलीला टपरीपाशी थांबले. पाण्याचा कॅन लुईझानं भरला होता, पण घरच्या पायरीवरच राहिला होता. कुस्तोदियोच्या हातात गाडी सुरू करायचं लोखंडी हँडल होतं. त्यानं ते एकदाच मारलं, तिच्या डाव्या मनगटावर. श्रीपाद चार हातांवर भज्यांची प्लेट घेऊन उभा होता. त्यानं तोंड दरीकडे फिरवलं. दरीत धुकं होतं, काही म्हणजे काही दिसत नव्हतं. जे दिसत नव्हतं ते तो बराच वेळ बघत राहिला. मग आपल्या गाडीतलं पाणी आणून त्यानं कुस्तोदियोला दिलं आणि म्हणाला, "घाई करू नको रे. निवांदे तेका." इंजिनाला निवायला अर्धा तास दिला. हाताला प्लास्टर दुसऱ्या दिवशी, बक्षीस घेऊन झाल्यावर. ते मनगट पुढे कायमचं वाकडं राहिलं.

तर श्रीपाद आला. स्वतःची मॉरिस घेऊन आला, कारण एसटीनं उतरणं त्याच्या शानीत बसत नव्हतं. घरापुढच्या खळ्यात गाडी शिरली आणि पडवीतल्या खुर्चीत कुस्तोदियो धडपडायला लागला. डावा हात हवेत, मान ताठ. "रांडे! रांडे! रांडे!"

"बग, वळाकल्यान माका," श्रीपाद हसत म्हणाला.

"वळाकल्यान, पण गाडयेक," लुईझा म्हणाली. "तुका नाय."

मांगरात काळी मॉरिस जुन्या पलंगपोसाखाली होती. लुईझा दर शनिवारी ती पुसायची. पत्रा आरशासारखा. दोन्ही दारांना आतून पितळेच्या कड्या होत्या. होड्यांना लावतात तसल्या. त्या कुस्तोदियोनं बसवल्या होत्या. घरात भांडून झालं की बाटली घेऊन तो गाडीत शिरायचा, आतून कडी घालायचा आणि काचा वर करून एकटाच प्यायचा. त्या गाडीत ड्रायव्हरच्या सीटवर दुसरं कुणी कधी बसलं नव्हतं. मुलगी डेलिशा पाच वर्षांची असताना एकदा बसली होती. ती आता कॅनडात असते आणि येत नाही.

श्रीपादनं हँडल लावून जोर केला. केसभर हललं नाही. त्यानं प्लग काढले आणि नाक धरलं.

"वयनी! ह्या आत काय घातलंस?"

"तेल."

"खंयचा?"

"तारल्यांचा. पप्पाच्या होडयेचा उरलेला."

तारली मासळी उकळून काढलेलं तेल. पूर्वी त्या किनाऱ्यावर लाकडी होड्यांना वर्षातून एकदा ते फासत. सुकलं की फळीवर कातडीसारखं बसतं आणि समुद्राला आत येऊ देत नाही. लाकडाला अमृत. श्रीपाद मांगराच्या उंबऱ्यावर बसून पोट धरधरून हसला.

"अगो, होडी आणि इंजिन एकच काय? ता सुकला की लाख होता, लाख! चारय पिस्टन लाखेत गाडून ठेवलंस!"

"तेनी सांगून ठेवलेल्यानी. बोटीर जायत तेव्हा. म्हयन्याक प्लग काडूचे, चमचोभर तेल घालूचा. डबो होतो तवसर डब्यातला घातलंय. डबो सपलो, मगे घरात होता ता."

"आणि घातल्यार हँडल फिरवूचा आसता, ता नाय सांगल्यान?"

लुईझानं डावं मनगट पुढे धरलं. श्रीपाद लगबगीनं टॉर्च लावून प्लगच्या भोकात बघायला लागला. भोकात अंधार होता. बराच वेळ बघितला त्यानं तो.

"पण वयनी," तो मान वर न करता म्हणाला, "तो सात वर्सा आडवो. तू तेल घातलंस काय नाय, ह्या तुका विचारतलो कोण होतो?"

"माणूस आडवो पडलो," लुईझा म्हणाली. "हुकूम उभोच होतो."

काम दीड महिना चाललं. दर रविवारी श्रीपाद यायचा. थिनर आणि डिझेल एकत्र करून प्रत्येक भोकात ओतायचा, आठवडाभर मुरू द्यायचा, पुढच्या रविवारी पिचकारीनं ओढून काढायचा. चहासारखं लाल पाणी निघायचं आणि सगळ्या खळ्यात मासळीबाजाराचा वास सुटायचा. गंज सुटावा म्हणून पेट्रोलच्या टाकीत खडी आणि साखळी घालून त्यानं ती घुसळली. खारेपाटणच्या भंगारवाल्याकडून पाण्याचे पाइप आणले. हे सगळं लुईझा बघत असे. दिवा धर म्हटलं की दिवा धरायची, पाना दे म्हटलं की पाना द्यायची. पहिल्या रविवारी चुकीचा द्यायची, तिसऱ्या रविवारी मागायच्या आधी बरोबर द्यायला लागली.

कुस्तोदियोची खुर्ची मांगराच्या दारात आणून ठेवलेली असे. श्रीपाद एकेक सुटा भाग त्याच्या नाकासमोर धरायचा, मुलाला खेळणं दाखवावं तसा. "बग रे, कारबोरेटर! सोन्यासारखो निघालो!" कुस्तोदियो डाव्या हाताची बोटं त्यावरून फिरवायचा. लाळ गळायची. श्रीपाद त्याचा फोटो काढायचा आणि ग्रुपवर टाकायचा. लाळ पुसून मग काढ म्हणावं, एवढीही लाज त्याला नव्हती. लाळेला अंगठे जास्त येत.

चौथ्या रविवारी हँडल हललं. श्रीपादनं हेड, इंजिनाचं वरचं झाकण, उतरवलं. आत बघितलं आणि आरडत बाहेर आला.

"वयनी, ये, बग, बग ह्या!"

चारी सिलिंडरच्या भिंती चकचकत होत्या. गंजाचा ठिपका नाही. समुद्र तिथून दगड मारला तर पडेल एवढ्यावर. त्या हवेत खिडकीचे गज चार वर्षांत झडतात. तारल्यांची लाख भिंतीवर बसली आणि तिनं खारी हवा आत शिरू दिली नाही.

"इंजिनातला तेल घातला असतंस, तर ता कधीच खाली उतारला असता आणि सगळा गंजला असता. तुज्या चुकीन वाचला ह्या, वयनी! बाईल होयी तर अशी! अरे कुस्तोदियो, नशीब काडलंस!"

कुस्तोदियो हसला. डावीकडून हसला, उजवी बाजू लोंबत राहिली. "रांडे," तो म्हणाला.

लुईझा हेड नसलेल्या इंजिनाकडे बघत उभी होती. तिला त्या चकचकीत भिंतीत आपलं तोंड दिसत होतं, चार तुकड्यांत.

"म्हणजे माजा चुकला, ताय तेच्याच उपेगाक इला," ती म्हणाली आणि आत जाऊन चुलीला फुंकर घालायला लागली.

पुढच्या रविवारी तेल बदलताना तिनं विचारलं. श्रीपाद गाडीखाली पाठीवर पडला होता, ती शेजारी टोप घेऊन उकिडवी बसली होती.

"हेका तेल नसला तर काय होता, श्रीपादबाब?"

श्रीपादला कुणी विचारलं की चढायचा. बायकांनी विचारलं की जास्त. "तेल म्हणजे रगात गो. माणूस रगताशिवाय जितको जगात, तितक्याच ह्या. दोन मिनटा. रेस केलंस तर तितकीय नाय."

"मरताना आवाज करता?"

"व्हय तर! आदी टकटक करता, दार ठोकल्यासारख्या. मगे किंकाळी मारता. मगे गप."

"आणि मगे परत?"

"परत खंय? आतला लोखंड लोखंडाक चिकाटता. तारल्याचा तेल सुटला, ता सुटना नाय." तो बाहेर सरकला, पाना तिच्या हातात दिला. "ह्या चेंबरचा बूच. ह्या काडला की सगळा तेल खाली. तूच लाय बघूया. घट्ट नको, आटे जुने आसत. आणि तुज्या हाताक झेपात इतक्याच."

तिनं लावलं. तिच्या वाकड्या हाताला झेपेल इतकंच.

गाडी सुरू करायचा रविवार ठरला. लुईझा मिसाहून आली ती तशीच, जांभळ्या फ्रॉकवर, चर्चची टाचेची चप्पल पायात. कुस्तोदियोला तिनं दाढी करून, पांढरा सदरा घालून खळ्याच्या मधोमध बसवलं होतं. श्रीपादनं काळी मॉरिस मांगरातून खळ्यात ढकलून आणली, आपल्या गाडीतली बॅटरी काढून तिला लावली. मग नारळ घेऊन गाडीसमोर उभा राहिला. आल्मेदांचं घर असलं म्हणून काय झालं. त्या मुलखात विहिरीला पाणी लागायचं असो की म्हैस व्यायची असो, गाऱ्हाण्याशिवाय काही हलत नाही.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या खळ्यात ह्यो नारळ तुज्याम्होरे ठेवलेलो आसा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," लुईझा म्हणाली. दुसरं म्हणायला कुणी नव्हतंच.

"सात वर्सा मरान पडलेली ही गाडी, हिच्यात जीव घाल म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा."

"ह्या घरात जा काय वायट-वंगाळ कोणी केलेला आसात, जेनी केला तेका तेचा पावता कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

ती एवढ्या मोठ्यानं म्हणाली की श्रीपाद वळून बघायला लागला. मग हसला. भाविक बाई.

नारळ फुटला. चावी फिरवली तेव्हा पेट्रोलचा पंप टिकटिकला. श्रीपादनं हँडल मारलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा गाडी खोकली, मागून निळा धूर आला आणि सगळ्या वाडीत तळलेल्या तारल्यांचा वास पसरला. शेजारचं मांजर गडग्यावर, दगडी कुंपणावर, येऊन बसलं. आणखी एकदा हँडल, आणि इंजिनानं लय धरली. मऊ, गोल, झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखी.

कुस्तोदियो रडला. आवाज नाही, नुसतं पाणी. त्यानं डावा हात गाडीकडे लांबवला आणि म्हणाला, "रांडे..." हळू, लाडानं, पाडसाला चुचकारावं तसं. एकतीस वर्षांच्या संसारात हा आवाज त्याच्याकडे आहे हे लुईझाला माहीत नव्हतं. ती खुर्चीमागे उभी होती. तिनं तो पहिल्यांदा ऐकला, आणि तो तिच्यासाठी नव्हता.

श्रीपादनं फोटोसाठी बॉनेट बंद केलं, वर झेंडूचा हार टाकला. दाराच्या खांबातून वळायची खूण देणारे छोटे लाल हात बाहेर काढून दाखवले. कुस्तोदियोच्या गळ्यात हात टाकून तीन फोटो. मित्रप्रेम, ते सगळं. मग म्हणाला, "अर्धो तास अशीच चालू रवांदे. गरम होवंदे बरी. मगे संध्याकाळी मी घेवन जातंय."

"ने तर. आदी हात धू," लुईझा म्हणाली. "मागीलदारी वाढलेला आसा. शागुती केलंय, सान्नां आसत. मी बसतंय तेच्याकडे."

श्रीपाद जेवायला बसला. शागुती झणझणीत होती. बाहेर त्याचं इंजिन चाललं होतं. मनात ते त्याचंच झालं होतं. पणजीच्या मैदानात हिरव्या मॉरिसचं बॉनेट उघडलंय, लोक वाकून बघतायत, आणि तो सांगतोय, तारल्यांच्या तेलात राखलेलं इंजिन, हो, आमच्या एका मित्राचं. दुसरी सान्ना रश्शात बुडवली तेव्हा इंजिनाचा आवाज चढला. रेस कोण करता? असेल, बाईमाणसाचा धक्का लागला असेल. आवाज आणखी चढला, उतरेना.

मग टकटक ऐकू आली. दार ठोकल्यासारखी.

श्रीपाद उष्ट्या हातानं धावला. खळ्यात मांगरापासून तुळशीच्या जागी असलेल्या क्रूसापर्यंत नवं तेल पसरलं होतं, मधासारखं, उन्हात चमकत. त्यात टाचेच्या चपलेचे ठसे. गाडीची दारं बंद, काचा वर. ड्रायव्हरच्या सीटवर लुईझा. चर्चचा फ्रॉक, दोन्ही हात चाकावर, नजर समोर, एखाद्या गावाला निघाल्यासारखी. उजवा पाय तळापर्यंत दाबलेला.

आणि कुस्तोदियो खुर्चीत थडथडत होता. त्याच्या चांगल्या हातात तिनं चेंबरचं बूच ठेवलं होतं. सगळा जन्म बोटींच्या पोटात तेल घालण्यात गेलेला माणूस. हातात काय आहे हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. तो ते बूच श्रीपादला दाखवत होता. "रांडे! रांडे! रांडे!" उठता येत नव्हतं. गाडी त्याच्या खुर्चीपासून सहा फुटांवर होती.

"वयनी! बंद कर! अगो बेरिंगा जातली! चावी फिरव!"

तिनं काचेतून त्याच्याकडे बघितलं. बरणीतून मासा बघतो तसं.

श्रीपादनं दार ओढलं. आतून कडी. दुसरं ओढलं. कडी. बॉनेटची कळ आत, तिच्या गुडघ्यापाशी. गडग्याचा सुटा चिरा त्यानं उचलला आणि काचेवर उगारला. उगारला आणि थांबला.

काचेच्या कोपऱ्यात कारखान्याचा छाप होता. अस्सल. बिलायतेतून गाडीबरोबर आलेली काच. त्याच्या स्वतःच्या गाडीला सावंतवाडीला कापून घेतलेली साधी काच होती. मेळाव्यात परीक्षक दर वर्षी तिथं गुण कापत. असली काच मुंबईत मिळत नाही, गोव्यात मिळत नाही. तो चिरा घेऊन दुसऱ्या बाजूला धावला. तिथंही छाप. मागच्या काचेकडे धावला. मागची तर त्याहून दुर्मिळ. पुढच्या कोपऱ्यातली तिकोनी? ती फोडली तर हात आत जाईल. पण तिची पितळी चौकट... चिरा डोक्यावर धरून श्रीपाद केळुसकर त्या गाडीला प्रदक्षिणा घालत राहिला, कुठली काच फोडलेली परवडेल ते बघत. तेलावरून पाय घसरला, आपटला, उठला, चिरा सोडला नाही.

टकटकीचा घणाघात झाला. मग किंकाळी. लोखंडाची किंकाळी लांबत, बारीक होत गेली. कुस्तोदियोचा आवाजही तिच्याबरोबर चढला, कुठला कुणाचा ते कळेना. मग गाडीला एक हिसका बसला. हार बॉनेटवरून खाली पडला.

गप.

समुद्र ऐकू यायला लागला. गडग्यावरचं मांजर उतरून गेलं.

लुईझानं कडी काढली, दार उघडलं, फ्रॉक सावरत उतरली. तेलावरून घसरणार नाही अशी जपून पावलं टाकत खुर्चीपाशी गेली आणि नवऱ्यासमोर वाकली.

"बोल," ती म्हणाली.

कुस्तोदियोनं तोंड उघडलं. जीभ हलली. ओठ 'रा'च्या आकारात आले. काही आलं नाही. पुन्हा केलं. घशातून नुसता वारा.

"बोल मां. सांग काय ता. मी हयसरच आसंय."

वारा.

तिनं थोडी वाट बघितली. मग त्याच्या हनुवटीवरची लाळ आपल्या फ्रॉकच्या टोकानं पुसली आणि सरळ झाली.

श्रीपाद अजून चिरा घेऊनच उभा होता. पँटीला तेल, हाताला शागुती.

"दगड कित्याक घेतलंस रे?"

"काच फोडूक."

"मगे फोडूक नाय ती?"

"अस्सल काच गो ती, वयनी... परत गावना नाय..."

"आंबोलेक मदी खंयची काच होती?"

श्रीपादनं चिरा खाली ठेवला. फेकला नाही, ठेवला. "ती तुमची घरातली भानगड," तो म्हणाला. "मी भायरचो माणूस. मी मदी कसो पडतलंय?"

"ही पण घरातलीच. जा, जेवन घे. अर्ध्यार उठलंस."

जेवायला तो बसला नाही, एवढी लाज होती. बॅटरी काढून आपल्या गाडीत बसवायला मात्र विसरला नाही. तो निघताना लुईझा पायरीवरून म्हणाली, "काचा होये तर ने येवन. मी एकय खरवडूक नाय. दिवे ने, ते लाल हात ने. माका काय करूचे आसत?"

वाटेत श्रीपादनं तिला सगळ्या शिव्या दिल्या. वेडी झाली, म्हणाला. सैतान शिरला अंगात, म्हणाला. आजारी माणसाच्या डोळ्यांदेखत! माणुसकी नाही. पुन्हा त्या घराची पायरी चढणार नाही. ग्रुपवर लिहिलं : मित्राचं इंजिन शेवटच्या क्षणी दगा देऊन गेलं, शब्द नाहीत. रडणाऱ्या तोंडांची रांग लागली.

सोमवारी दुकान बंद ठेवून सकाळीच तो आला. पेचकस, जुने पेपर, सुतळी घेऊन.

कुस्तोदियो पडवीत होता. लुईझानं खुर्ची गाडीकडे तोंड करून ठेवली होती. श्रीपादनं तिकडे न बघता काम सुरू केलं. आधी दारांच्या काचा, मग मागची. एकेक काच पेपरात गुंडाळून, बाळंतिणीचं पोर ठेवावं तशी आपल्या गाडीच्या सीटवर ठेवली. मग दिवे. बेडकाचे डोळे काढल्यावर गाडी आंधळी दिसायला लागली. मग लाल हात. मग स्टिअरिंगचं चाक. मग कड्याही काढल्या. पितळ चांगलं होतं. कुस्तोदियो बघत होता. पापणी हलत होती, दुसरं काही नाही. मधे एकदा श्रीपादला वाटलं, आता ओरडेल. हात थांबवून त्यानं वाट बघितली. शिवी आली असती तर बरं वाटलं असतं. आली नाही. त्यानं पुढचा स्क्रू धरला.

"येतंय रे, कुस्तोदियो," निघताना तो पडवीत जाऊन म्हणाला. मग त्याला कुस्तोदियोच्या मुठीत ते बूच दिसलं. काल दुपारपासून तिथंच होतं. जुन्या आट्यांचं, पण अस्सल. आणि त्याच्या गाडीच्या चेंबरला बसण्यासारखं. श्रीपादनं इकडे तिकडे बघितलं, वाकला, आणि मूठ सोडवायला लागला. एक बोट उघडलं, दुसरं उघडलं. तिसरं उघडेपर्यंत पहिलं मिटलं.

लुईझा पेजेची वाटी घेऊन आली. तिनं बघितलं.

"रवांदे ता तेच्याकडे," ती म्हणाली. "कायतरी तेकाय होया."

श्रीपाद गेला. हिरव्या मॉरिसचा आवाज वळणापर्यंत ऐकू आला, पाण्यामुळे घोगरा झालेला. कुस्तोदियोची मान त्या आवाजाच्या दिशेनं वळत गेली, वळता येईल तेवढी.

लुईझानं हनुवटी धरून ती सरळ केली आणि चमचा पुढे केला.

"उघड तोंड."

त्यानं उघडलं.